पीएलसी आणि ड्राइव्ह बोलेनासे झाले तर: आरएस-४८५ मॉडबसमधला दोष क्रमाने शोधण्याची पद्धत

कम्युनिकेशन फॉल्ट आला की बहुतेकांचा पहिला हात लॅपटॉपकडे जातो. प्रोग्राम ऑनलाइन घेतात, टाइमआउट (उत्तराची वाट बघण्याची मुदत) वाढवून बघतात, मग बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) बदलतात, मग वायर उलटसुलट करून बघतात. तासाभराने मूळ दोष जागच्या जागीच असतो आणि त्यावर आपणच केलेल्या चार बदलांची भर पडलेली असते. यातले बहुतेक दोष सापडायला अवघड नसतात. शोधण्याचा क्रम चुकतो म्हणून ते लपून राहतात.

हा लेख एका ठरावीक रचनेबद्दल आहे: एक पीएलसी (मशीन चालवणारा प्रोग्रामेबल कंट्रोलर), त्याच्या सिरीयल पोर्टवरून निघालेली आरएस-४८५ ची जोडी (दोन डेटा वायरींची लाइन) आणि तिच्यावर काही व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), एनर्जी मीटर, तापमान कंट्रोलर. प्रोटोकॉल मॉडबस आरटीयू: यात मास्टर, म्हणजे इथे पीएलसी, विचारतो आणि डिव्हाइस उत्तर देतात. इथरनेटबद्दल शेवटी थोडक्यात सांगितलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या, टप्पा १ मध्ये वेगळी वाट सांगितली असेल तेवढं सोडून. आधीचा टप्पा पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

## तयारी: पॅनेलला हात लावण्याआधी

सोबत एवढं असू द्या: मल्टिमीटर, यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर (शक्यतो आयसोलेटेड, म्हणजे दोन्ही बाजूंत थेट विद्युत जोड नसलेला), १२० ओहमचे दोन रेझिस्टर, छोटा टर्मिनल स्क्रू-ड्रायव्हर, लॅपटॉपवर मॉडबस पोल किंवा क्यूमॉडमास्टरसारखं मास्टर सॉफ्टवेअर आणि प्रत्येक डिव्हाइसचं मॅन्युअल. मॅन्युअल त्याच मॉडेलचं हवं. एकाच कंपनीच्या दोन मालिकांमध्ये रजिस्टरचे (डिव्हाइसमधल्या आकड्यांच्या कप्प्यांचे) पत्ते वेगळे असू शकतात.

मग एक कागद घ्या आणि आत्ता जे आहे ते जसंच्या तसं उतरवा: प्रत्येक डिव्हाइसचा आयडी, बॉड रेट, पॅरिटी (चूक पकडणारा बिट), स्टॉप बिट (अक्षर संपल्याची खूण), कोणत्या टर्मिनलवर कोणत्या रंगाची वायर. मोबाइलने फोटोही काढा. पीएलसी प्रोग्रामचा बॅकअप घ्या. आजवर चालत असलेली लाइन बंद पडली असेल तर एक प्रश्न आधी विचारा: अलीकडे काय बदललं? नवा मीटर जोडला, ड्राइव्ह बदलला, ट्रेमधून नवी केबल ओढली, वेल्डिंग झालं, एवढ्या उत्तरावर अर्धं काम हलकं होतं.

सावधान १: कम्युनिकेशन तुटलं म्हणजे मोटर थांबेल असं गृहीत धरू नका. कित्येक ड्राइव्हमध्ये फॅक्टरी सेटिंग असं असतं की लिंक तुटली तरी ड्राइव्ह शेवटच्या आदेशावर चालत राहतो. केबल काढण्याआधी मशीन थांबवा, लॉक लावा. आणीबाणीचा स्टॉप वायरने थेट जोडलेला आहे, मॉडबसवर अवलंबून नाही, हेही आधीच बघून घ्या.

सावधान २: ड्राइव्हचा पुरवठा बंद केल्यावरही आतल्या डीसी बसवर जीवघेणा व्होल्टेज राहतो. लेबलवर लिहिलेली वेळ संपेपर्यंत कव्हर उघडू नका.

## टप्पा १: दोषाची जात ओळखा

सगळे कम्युनिकेशन फॉल्ट सारखे नसतात. चार जाती आहेत आणि प्रत्येकीचं मूळ वेगळ्या जागी असतं.

उत्तरच येत नाही, टाइमआउट. मॉडबसमध्ये डिव्हाइसला स्वतःचा आयडी दिसला नाही किंवा फ्रेमचा (एका संदेशातल्या बाइटांच्या गठ्ठ्याचा) सीआरसी (चूक ओळखणारा तपास-आकडा) जुळला नाही, तर ते गप्प बसतं. त्यामुळे वायर, ध्रुवता (धन-ऋण वायरींची जुळणी), बॉड रेट, पॅरिटी, आयडी यांपैकी काहीही चुकलेलं असू शकतं.

नकार येतो, म्हणजे एक्सेप्शन. उत्तरातला फंक्शन कोड (काय करायचं ते सांगणारा आकडा) ८० हेक्सने वाढलेला दिसतो. ०३ ने विचारलं आणि ८३ परत आलं, म्हणजे डिव्हाइसने प्रश्न नीट ऐकला, समजून घेतला आणि नाकारला. पुढचा आकडा कारण सांगतो: १ म्हणजे हे फंक्शन मला येत नाही, २ म्हणजे हा पत्ता माझ्याकडे नाही, ३ म्हणजे पाठवलेली किंमत चालणार नाही, ४ म्हणजे डिव्हाइसच्या आतच बिघाड.

इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो. एक्सेप्शन २ आलेला असताना लोक टर्मिनल खोलून वायर तपासतात. नकार आला याचा अर्थ वायर, ध्रुवता, बॉड रेट, पॅरिटी आणि आयडी हे सगळं बरोबर आहे. थेट टप्पा ६ वर जा.

उत्तर येतं, पण आकडा चुकीचा असतो. हाही टप्पा ६ चा विषय.

मधूनच जातं, मधूनच येतं. हा सगळ्यात चिवट प्रकार. टप्पा २ आणि ३ करून मग ७ आणि ८.

तपासणी: पीएलसीच्या कम्युनिकेशन ब्लॉकमधला एरर कोड वाचून कागदावर लिहिला का? पॅनेलवरच्या लाल दिव्यावरून जात ओळखता येत नाही.

## टप्पा २: पुरवठा बंद ठेवून वायर तपासा

आधी नुसत्या डोळ्यांनी बघा. जोडणी एका डिव्हाइसवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर अशी साखळीनेच हवी. जंक्शन बॉक्समधून चार दिशांना चार केबल गेल्या असतील, तर ते आरएस-४८५ चं जाळं नव्हे. कमी वेगावर ते चालून जातं आणि एक डिव्हाइस वाढलं की कोसळतं. केबल पिळाची जोडी आणि शिल्ड असलेली हवी. ए आणि बी या दोन डेटा वायरी एकाच पिळात आहेत ना, हे दोन्ही टोकांना बघा. चार तारांच्या केबलमध्ये एक तार एका जोडीतली आणि दुसरी भलत्याच जोडीतली घेतलेली बऱ्याचदा सापडते.

फेरूलखाली (वायरच्या टोकावरच्या धातूच्या नळीखाली) इन्सुलेशन दाबलं गेलंय का, हे प्रत्येक वायर हलकेच ओढून बघा.

आता मीटर ओहमवर घ्या आणि दोन डेटा वायरींमधला रोध मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर (लाइनच्या टोकाचे रेझिस्टर) असतील तर सुमारे ६० ओहम दिसतील. १२० दिसले तर एक टर्मिनेटर नाही किंवा मध्ये कुठेतरी वायर तुटली आहे. ४० च्या आसपास दिसले तर तीन लागलेत: बहुधा मधल्या एखाद्या ड्राइव्हचा डिप स्विच चालू राहिला आहे. शून्याजवळ म्हणजे शॉर्ट. काही डिव्हाइसमध्ये टर्मिनेटरसोबत कपॅसिटर मालिकेत असतो, तिथे मीटर काहीच दाखवणार नाही, म्हणून मॅन्युअल बघा. त्यानंतर प्रत्येक डेटा वायर आणि अर्थ, तसंच डेटा वायर आणि शिल्ड यांच्यात मोजा. इथे ओहममधला छोटा आकडा येता कामा नये.

तिसरी वायर विसरू नका. आरएस-४८५ ला दोनच वायर लागतात, हा समज खूप त्रास देतो. रिसीव्हरला उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट एवढाच सामाईक व्होल्टेज (दोन्ही वायरींवर कॉमनच्या तुलनेत एकसारखा असणारा) सोसतो. लांबलांबच्या पॅनेलमध्ये वेगवेगळे पुरवठे असले की हा व्होल्टेज सहज बाहेर जातो. म्हणून सिग्नल कॉमनची (पोर्टच्या शून्य संदर्भाची) तार सगळीकडे जोडा. शिल्ड हा त्याला पर्याय नाही.

सावधान ३: बऱ्याच ड्राइव्हचा आरएस-४८५ पोर्ट दिसायला लॅनच्या सॉकेटसारखाच असतो. त्याच्या एखाद्या पिनवर कीपॅडचा पुरवठाही असू शकतो. त्यात लॅनची केबल घालून दुसरं टोक इथरनेट स्विचला लावू नका.

## टप्पा ३: पुरवठा चालू, पोलिंग बंद

पोलिंग (पीएलसीचं पाळीपाळीने विचारणं) थांबवायला पीएलसी स्टॉपमध्ये टाका, म्हणजे लाइनवर कोणी बोलणार नाही. मग दोन डेटा वायरींमधला डीसी व्होल्टेज मोजा. धन बाजू ऋण बाजूपेक्षा किमान ०.२ व्होल्टने वर हवी. हा आकडा आरएस-४८५ रिसीव्हरच्या मर्यादेतून येतो: अधिक-उणे २०० मिलिव्होल्टच्या आत रिसीव्हर काय वाचेल याची खात्री नसते.

शून्याजवळ आकडा आला तर बायस (शांत लाइनला ठरावीक फरकावर धरून ठेवणारा व्होल्टेज) नाही. मग शांत लाइनवर रिसीव्हर कचरा वाचतो आणि फ्रेमची सुरुवात चुकते. उपाय म्हणजे मास्टरजवळ, एकाच ठिकाणी, धन वायर ५ व्होल्टला आणि ऋण वायर कॉमनला ४५० ते ६५० ओहमने बांधणं. कित्येक पीएलसी पोर्टमध्ये ही सोय आतच असते, फक्त स्विच किंवा जम्पर चालू करावा लागतो.

«टर्मिनेटर लावल्यावर उलट बिघडलं» ही तक्रार इथेच सुटते. टर्मिनेटर दोन्ही वायरींना एका व्होल्टेजवर ओढतो, आणि बायस नसेल तर शांत लाइनचा फरक शून्यावर येतो. ९६०० बॉडवर, तीस-चाळीस मीटरच्या आत, दोन-तीन डिव्हाइसच्या लाइनला टर्मिनेटरवाचून सहसा अडत नाही. लांब लाइनला मात्र टर्मिनेटर आणि बायस दोन्ही लावा.

व्होल्टेज उणे आला तर ध्रुवता उलटी आहे. इथे लेबलवर विसंबू नका. काही उत्पादक धन वायरला ए म्हणतात, काही बी म्हणतात. ए-बी उलटल्याने डिव्हाइस जळत नाही, त्यामुळे एका डिव्हाइसवर अदलाबदल करून बघायला हरकत नाही. फक्त ती एकाच ठिकाणी करा आणि कागदावर लिहा.

## टप्पा ४: सेटिंग जुळवा

बॉड रेट, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट हे चारही प्रत्येक डिव्हाइसवर आणि पीएलसीवर सारखे हवेत. मॉडबसच्या मानकात इव्हन पॅरिटी हे मूळ सेटिंग आहे आणि पॅरिटी नसेल तर दोन स्टॉप बिट हवेत. प्रत्यक्षात मात्र पॅरिटी नाही आणि एक स्टॉप बिट ही जोडी सगळीकडे दिसते. म्हणून अंदाज करू नका, वाचा.

प्रोटोकॉल आरटीयू आहे की आस्की (मॉडबसची अक्षरांत पाठवण्याची पद्धत), हेही बघा. डेल्टाच्या व्हीएफडी-ई मालिकेत ०९.०४ या पॅरामीटरची ० ते २ ही मूल्यं आस्कीची आणि ३ ते ५ आरटीयूची आहेत. नवा ड्राइव्ह बसवल्यावर हे एक पॅरामीटर राहून गेलं तर बाकी सगळं बरोबर असूनही उत्तर येणार नाही.

आयडी १ ते २४७ च्या दरम्यान हवा. शून्य हा सगळ्यांना एकदम आदेश देण्याचा पत्ता आहे, त्यावर उत्तर येत नाही. एकच आयडी दोघांना असेल तर दोघं एकदम बोलतात आणि सीआरसी मोडतो. खात्री सोपी आहे: संशयित डिव्हाइसचा पुरवठा बंद करा आणि त्याच आयडीला विचारा. उत्तर आलं तर दुसरं कोणीतरी तो आयडी वापरतंय.

तपासणी: सेटिंग बदलल्यावर डिव्हाइस बंद करून पुन्हा चालू केलं का? पुष्कळ मीटर आणि ड्राइव्ह त्याशिवाय नवं सेटिंग घेत नाहीत.

## टप्पा ५: पीएलसी बाजूला ठेवून एकाच डिव्हाइसशी बोला

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे, आणि सगळ्यात जास्त गाळला जातो तोही हाच. लॅपटॉपवरून विचारल्याशिवाय दोष प्रोग्राममध्ये आहे की लाइनवर, हे कधीच ठरत नाही.

१. पीएलसीची जोडी टर्मिनलवरून काढा. मॉडबस आरटीयूच्या लाइनवर मास्टर एकच असतो. पीएलसी जागेवर ठेवून लॅपटॉप जोडला तर दोन मास्टर एकमेकांवर आदळतील.

२. एकाच डिव्हाइसला, एक-दोन मीटरच्या वायरने, कन्व्हर्टर जोडा. कन्व्हर्टर आयसोलेटेड नसेल तर लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा.

३. फंक्शन ०३, एकच रजिस्टर, टाइमआउट १००० मिलिसेकंद. पाठवलेली फ्रेम सॉफ्टवेअरच्या ट्रॅफिक खिडकीत बघा. आयडी १ साठी ती ०१ ०३ ०० ०० ०० ०१ अशी सुरू होईल आणि शेवटी सीआरसीचे दोन बाइट असतील.

४. उत्तर आलं, किंवा एक्सेप्शन जरी आलं, तरी डिव्हाइस शाबूत आहे. आता तोच लॅपटॉप पीएलसीच्या जागी, मूळ केबलच्या टोकाला लावा आणि पुन्हा विचारा. जवळून बोलतं, पण केबलवरून बोलत नाही, तर दोष केबलमध्ये आहे. एक लक्षात ठेवा: बायस पीएलसी पोर्टमध्ये असेल तर पीएलसी काढल्यावर तो लाइनवर उरत नाही.

५. केबलवरूनही लॅपटॉपला सगळी डिव्हाइस उत्तर देत असतील, तर आणि तरच पीएलसीच्या प्रोग्रामकडे वळा.

केबल लांब आणि डिव्हाइस बरीच असतील तर मधोमध तोडा, तात्पुरता १२० ओहम लावा आणि जवळचा अर्धा भाग तपासा. चालला तर दोष पलीकडे. असं अर्धं-अर्धं करत गेलात तर सोळा डिव्हाइसची लाइन चार तोडण्यांत एका डिव्हाइसपर्यंत येते.

## टप्पा ६: पत्ता आणि आकडा

नकार किंवा भलताच आकडा येत असेल तर तीन ठिकाणी बघा.

एकाचा फरक. मॅन्युअलमध्ये ४०००१ लिहिलेलं रजिस्टर वायरवर शून्य म्हणून जातं. काही पीएलसी ब्लॉक ४०००१ मागतात, काही ० मागतात, काही १. शेजारच्या रजिस्टरचा आकडा येत असेल तर पत्ता एकाने पुढे-मागे करून बघा.

हेक्स आणि दशमान. ड्राइव्हच्या मॅन्युअलमध्ये कंट्रोल वर्डचा (चालू-बंदच्या आदेशाच्या रजिस्टरचा) पत्ता २०००एच असा असतो. तो हेक्स आहे, म्हणजे दशमानात ८१९२. ४ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांच्या पद्धतीने लिहायचा तर ४०८१९३. सरळ २००० टाकलं की एक्सेप्शन २ येतो.

शब्दांचा क्रम. मीटरची बत्तीस बिटांची फ्लोट किंमत दोन रजिस्टरमध्ये येते. २३० व्होल्ट ही किंमत १७२५४ आणि ० अशा दोन आकड्यांत बसते. क्रम उलटा लागला तर तीच किंमत इतकी सूक्ष्म होते की स्क्रीनवर ०.००० दिसतं, आणि मीटर वाचनच देत नाही असा समज होतो. म्हणून आधी दोन्ही रजिस्टर कच्च्या स्वरूपात बघा. १७२५४ आणि ० दिसले तर मीटर निर्दोष आहे, पीएलसीत शब्दांची अदलाबदल करा.

इनपुट रजिस्टर (फक्त वाचायची) फंक्शन ०४ ने वाचली जातात, होल्डिंग (लिहिताही येणारी) ०३ ने. मीटरच्या मॅन्युअलमध्ये ३ ने सुरू होणारे पत्ते असतील तर ०४ वापरा. एका विनंतीत १२५ पेक्षा जास्त रजिस्टर मागता येत नाहीत, आणि कित्येक डिव्हाइसची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असते.

ड्राइव्ह वाचून उत्तर देतो, पण स्टार्ट घेत नाही? मग बहुधा आदेशाचा आणि फ्रीक्वेन्सीचा स्रोत कीपॅडवरच राहिला आहे. ते दोन पॅरामीटर वेगवेगळे असतात, दोन्ही आरएस-४८५ वर हवेत.

## टप्पा ७: पूर्ण साखळी आणि वेळेचं गणित

एकेक डिव्हाइस ठीक, सगळी मिळून अडखळतात, तर गणित मांडा. ९६०० बॉडवर अकरा बिटांचं एक अक्षर साधारण १.१५ मिलिसेकंद घेतं. आठ बाइटांची विनंती, दहा रजिस्टरचं पंचवीस बाइटांचं उत्तर आणि दोन्हींमागचा साडेतीन अक्षरांचा विराम धरला तर ४५ मिलिसेकंदांच्या वर जातात. डिव्हाइसचा स्वतःचा विचार करण्याचा वेळ वेगळा. पंधरा डिव्हाइसना एक फेरी म्हणजे सेकंद-दीड सेकंद. दर १०० मिलिसेकंदांनी सगळं वाचायचं असा प्रोग्राम या लाइनवर चालूच शकत नाही.

आता एक डिव्हाइस बंद पडलं. टाइमआउट १ सेकंद आणि तीन प्रयत्न असतील तर ते एकटं प्रत्येक फेरीत ३ सेकंद खातं, आणि ऑपरेटरला वाटतं की सगळी लाइनच मंदावली. टाइमआउट वाढवत नेणं हा इथे उलटा उपाय आहे. डिव्हाइस प्रत्यक्षात किती वेळात उत्तर देतं ते लॅपटॉपवर बघा, त्याच्या दुप्पट-तिप्पट टाइमआउट ठेवा, आणि मेलेल्या डिव्हाइसला प्रत्येक फेरीऐवजी दहा-वीस सेकंदांनी एकदाच विचारा.

पीएलसीमध्ये एकाच पोर्टवर दोन ब्लॉक एकाच वेळी ट्रिगर होत नाहीत ना, हे बघा. आधीच्या ब्लॉकचा पूर्ण झाल्याचा किंवा एररचा बिट आला की मगच पुढचा सुरू व्हायला हवा. एररचा बिट या साखळीत घ्यायचा राहिला तर पहिल्या फॉल्टवर पोलिंग कायमचं थांबतं.

दुसरा मास्टर हाही हल्ली वाढलेला दोष आहे. वीजवापराच्या नोंदीसाठी नवा आयओटी गेटवे (आकडे इंटरनेटवर पाठवणारी पेटी) येतो आणि बसवणारा त्याला मीटरच्या त्याच जोडीवर समांतर जोडून जातो. गेटवे आणि पीएलसी दोघंही विचारतात, कधी एकमेकांवर आदळतात, कधी नाही. मीटरला दुसरा पोर्ट नसेल तर गेटवेने पीएलसीकडूनच आकडे घ्यायला हवेत.

सावधान ४: ड्राइव्हचे पॅरामीटर प्रत्येक फेरीत लिहू नका. अनेक ड्राइव्ह ते ईईप्रॉममध्ये (पुरवठा गेला तरी टिकणाऱ्या मेमरीत) साठवतात आणि त्या मेमरीच्या लेखनांना मर्यादा असते. किंमत बदलली तरच लिहा.

## टप्पा ८: मोटर चालली की जातं

सगळे ड्राइव्ह थांबवून पंधरा मिनिटं एररची मोजणी बघा. मग एकेक ड्राइव्ह सुरू करा. मोजणी एका ड्राइव्हसोबत उडी घेत असेल तर दोष नॉइजचा (बाहेरून घुसणाऱ्या विद्युत गोंधळाचा) आहे आणि तो कुठून येतो तेही कळलं.

मोटरची केबल आणि कम्युनिकेशनची केबल एकाच ट्रेमध्ये शेजारी धावत असतील तर आधी त्या वेगळ्या करा, किमान वीस-तीस सेंटिमीटर. एकमेकींना ओलांडायचंच असेल तर काटकोनात. मोटर केबल शिल्डची घ्या आणि तिचा शिल्ड दोन्ही टोकांना, पूर्ण गोलाईने क्लॅम्प करा. आरएस-४८५ चा शिल्ड पूर्ण लांबीभर सलग ठेवा आणि अर्थला एकाच ठिकाणी जोडा. मधल्या पॅनेलमध्ये शिल्ड कापून सोडलेला असतो, तो आधी शोधा.

एवढं झाल्यावरच बॉड रेट कमी करणं, आयसोलेटेड रिपीटर (सिग्नल पुन्हा जोरकस करणारा) लावणं असे खर्चिक किंवा तडजोडीचे उपाय.

## टप्पा ९: मध्ये इथरनेट असेल तर

पिंग करा, म्हणजे डिव्हाइसच्या आयपी पत्त्याला हाक देऊन उत्तर येतं का बघा. डिव्हाइसची केबल काढूनही पिंगला उत्तर आलं, तर तोच आयपी दुसऱ्या कोणाकडे आहे. पिंग होतं, पण मॉडबस टीसीपी (इथरनेटवरचा मॉडबस) नाही, तर पोर्ट ५०२ फायरवॉलमध्ये अडलाय, सेवा चालूच केलेली नाही, किंवा डिव्हाइसची जोडण्यांची मर्यादा भरली आहे. जुना एचएमआय (ऑपरेटरची स्क्रीन) किंवा विसरलेला लॅपटॉप जोडणी धरून बसलेला असतो.

गेटवेमागे सिरीयल डिव्हाइस असेल तर युनिट आयडी बरोबर द्या. एक्सेप्शन १० म्हणजे गेटवेला वाट माहीत नाही. ११ म्हणजे गेटवेने विचारलं, पण मागचं डिव्हाइस बोललं नाही. ११ आला की इथरनेट सोडा आणि टप्पा २ वर या.

प्रोफिनेटमध्ये (इथरनेटवरचा दुसरा एक औद्योगिक प्रोटोकॉल) मात्र आयपीआधी डिव्हाइसचं नाव जुळवा. नवं डिव्हाइस नाव नसलेलं येतं आणि नाव दिल्याशिवाय कंट्रोलर त्याला ओळखत नाही.

## टप्पा १०: लाइन परत देण्याआधी

तात्पुरते रेझिस्टर काढा, कायमचे दोन टोकांना आहेत ना बघा, ६० ओहम पुन्हा मोजा. सेटिंगचा अद्ययावत कागद पॅनेलच्या दारात ठेवा. प्रत्येक डिव्हाइसची एरर मोजणी शून्य करा आणि पूर्ण एक शिफ्ट जाऊ द्या.

मग मशीन सुरक्षित स्थितीत आणून एका ड्राइव्हची कम्युनिकेशन केबल मुद्दाम काढा. तीन गोष्टी बघा: ड्राइव्ह ठरवल्याप्रमाणे थांबतो का, एचएमआयवर अलार्म येतो का, आणि त्या ड्राइव्हची फ्रीक्वेन्सी जुन्याच आकड्यावर गोठून राहते का. शेवटचं घडत असेल तर काम अपुरं आहे. लिंक तुटल्यावर पीएलसीच्या रजिस्टरमध्ये शेवटची किंमत तशीच पडून राहते, म्हणून प्रत्येक डिव्हाइसचा लिंक ठीक असल्याचा बिट काढा आणि तो नसेल तेव्हा स्क्रीनवर आकड्याऐवजी रेघा दाखवा. केबल परत लावल्यावर पीएलसीला रीसेट न करता वाचन आपोआप सुरू व्हायला हवं, मोटर मात्र आपोआप सुरू होता कामा नये.